कोणाशीच न जोडलेला ठिपका

सोमवार, ६ ऑक्टोबर २०२५

कॉलेजातली संख्याशास्त्राची नोकरी सोडून चार महिने झाले. नागपुरात रामदासपेठेतल्या माझ्या एका खोलीच्या ऑफिसात आज पहिल्यांदा असा माणूस आला, ज्याला माझी खरोखर गरज आहे. याआधी आले ते ‘पेटंटचे नकाशे म्हणजे नेमकं काय हो?’ असं विचारून, चहा पिऊन गेले.

याचं नाव जितेंद्र. बुटीबोरीला त्याचा छोटा कारखाना आहे, चौदा माणसं कामाला. सूतगिरण्यांत दोरा कोनावर, म्हणजे शंकूसारख्या रिळावर, गुंडाळतात, तो ज्या कडीतून जातो तिथे रुईचं तूस साचतं आणि दोरा तुटतो. जितेंद्रनं त्या कडीला एक चिमुकला ब्रश लावलाय. त्याला मोटर नाही, वायर नाही. दोरा डावीकडे-उजवीकडे जाताना त्याच्याच हेलकाव्यावर ब्रश हलतो आणि कडी साफ करतो. वस्तू हातात घेऊन मी पाच मिनिटं खेळत बसले.

अडचण अशी, की एका मोठ्या कंपनीनं गेल्या वर्षी याच कल्पनेचं पेटंट मिळवलं आणि आता जितेंद्रला नोटीस पाठवलीय: उत्पादन बंद करा. पेटंटवर हरकत घ्यायची तर मुदत २१ नोव्हेंबरपर्यंत. ही युक्ती त्यांच्या आधी जगात कुठेतरी छापून आली होती, हे दाखवता आलं पाहिजे. नाही दाखवलं तर कारखान्याला कुलूप.

“म्याडम, मी कोणाची चोरी नाही केली. माह्या डोक्यातून निघालं हे. पण डोक्याले शिक्का नसते ना.”

मी त्याला शब्द दिला. सहा आठवडे आहेत. मी हे शोधणार.

घरी आले तर माझा टूथब्रश गायब. नंदनवनच्या या घरात अकरा वर्षं मी हे सोसतेय. ब्रश जरा जुना झाला की आई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्याचे केस कापून शिलाई मशीनमध्ये कुठेतरी खोचतात. हा तर जुनाही नव्हता.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

पहिला नकाशा तयार. गुंडाळणी-यंत्रांची जगभरातली दोन हजार नऊशे पेटंटं. प्रत्येक पेटंट म्हणजे एक ठिपका. एकाच्या कागदांत दुसऱ्याचा उल्लेख असला की दोघांमध्ये रेषा. रेषांवरून मागे मागे गेलं की कल्पनेचं मूळ सापडतं. लग्नाच्या मांडवात ‘हे कोणाकडचे?’ विचारत गेलं की शेवटी एखादी आजी सापडते, तसं.

कंपनीचं पेटंट एका कोपऱ्यात फुगून बसलंय. त्याच्या रेषा जातात कुठे? त्यांच्याच आधीच्या चार पेटंटांकडे. आपलीच पाठ आपणच थोपटायची.

ऑफिसात लाइट गेले म्हणून घरी जेवणाच्या टेबलावर नकाशा साफ करत होते. ज्या ठिपक्यांना एकही रेषा नाही ते आधी काढून टाकायचे, नाहीतर चित्रात नुसती मोहरी सांडल्यासारखी दिसते. असे सहाशे अकरा होते. आई कोथिंबीर निवडता निवडता स्क्रीनकडे बघत होत्या.

“हे एकटे एकटे काहून पुसून राहिली वं?”

“त्यांचा कोणाशी संबंध नाही, आई.”

“मंग ते खोटे आहेत का?”

“खोटे नाहीत. कामाचे नाहीत.”

त्या उठून गेल्या. कोथिंबीर अर्धी तशीच टेबलावर राहिली, मग मलाच निवडावी लागली.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

तीन चांगले ठिपके सापडले होते, तिन्ही परदेशी. आनंदानं भैरवीकडे नेले. भैरवी माझी शाळेतली मैत्रीण आणि आता जितेंद्रची वकील. तिनं दहा मिनिटांत तिघांनाही वाटेला लावलं.

“यात मोटर आहे. यात हवेचा झोत आहे. आणि हा ब्रश हातानं फिरवायचा आहे, बाई. मला ‘दोऱ्याच्याच चालीवर हलणारा’ हवा. तेवढं एक वाक्य आण, बाकी मी बघते.”

परत येताना चिडून धंतोलीपर्यंत चालत गेले. रेषा खोटं बोलत नाहीत असं मी चौदा वर्षं पोरांना शिकवलं. रेषा खोटं बोलत नसतीलही, पण यावेळी त्या गप्प आहेत.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

बुटीबोरीला जाऊन आले. कारखाना म्हणजे एक पत्र्याची शेड, पण आत काय स्वच्छता! बायका ब्रशचे केस बसवतात, पुरुष कड्या घासतात. जितेंद्रनं सगळ्यांना सांगून ठेवलंय की म्याडम कॉम्प्युटरवर शोधून राहिल्या, काळजी करू नका. त्या सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चहा तसाच ठेवून उठले.

एक गोष्ट जितेंद्रनं आपणहून सांगितली. दोरा तुटत नाही हे खरं, पण कधी कधी तुसाचे पुंजके कोनातच गुंडाळले जातात आणि गिऱ्हाईक तक्रार करतं. “कुठं चुकते ते समजून नाही राहिलं.” ते माझं काम नाही, तरी लिहून ठेवते.

रविवार, १९ ऑक्टोबर

दिवाळीचा फराळ. आईंनी माझा ब्लाऊज शिवायला घेतला. मशीनमागच्या खिळ्याला त्यांच्या कटिंगच्या कागदांचा जुडगा लटकलेला असतो, त्यातला ‘मिनल’ लिहिलेला, माझ्या मापाचा कागद काढला, कापडावर ठेवला, खडूनं आखलं. कागद जुना, पिवळा, जाड. कडा झिजल्यात. मी म्हटलं, नवीन कागदावर काढा की. म्हणाल्या, “असा कागद आता भेटत नाही.”

मशीन मात्र अजून सुरेख चालतं. चाळीस वर्षांचं असेल, आणि दोरा म्हणून तुटत नाही. माहेरी माझी आई दर दोन ओळींना सुईत दोरा ओवत बसते.

ऋषिकेश, माझा नवरा, म्हणाला, दिवाळीत तरी ठिपके सोड. मी सोडले. दोन दिवस.

सोमवार, २७ ऑक्टोबर

मी महामूर्ख आहे. हे इथे स्पष्ट लिहून ठेवते, म्हणजे पुढे कधी मिजास चढली तर वाचता येईल.

सकाळी दात घासताना लक्षात आलं. जुन्या भारतीय पेटंटांच्या कागदांवर आधीच्या पेटंटांची यादीच नसे. मग त्यांना रेषा येणार कुठून? ती सगळी एकटीच असणार. आणि एकटी दिसली म्हणून मीच ती पुसली. वर्गात पोरांनी असं केलं असतं तर मी त्यांना बाहेर उभं केलं असतं.

सहाशे अकरा ठिपके परत आणले. रेषा नाहीत तर नाहीत. यावेळी शब्द जुळवले: दोरा, कडी, ब्रश, हेलकावा. दुपारी तीन वाजता एक ठिपका वर आला.

भारत सरकारचं राजपत्र, १९८२. ‘सूत गुंडाळणी यंत्रातील स्वयं-स्वच्छ होणारी कडी.’ खाली चार ओळींचा सारांश. त्यात ब्रश आहे, कडी आहे, तूस आहे. अर्जदार: कुमारी जया नत्थूजी धकाते, टिमकी, नागपूर.

नागपूर! सगळं जग पालथं घातलं आणि बाई निघाली टिमकीची. इथून रिक्षानं वीस मिनिटं. १९८१ साली एका अविवाहित मुलीनं पेटंटचा अर्ज केला, तो मंजूर झाला, राजपत्रात छापून आला. आणि नंतर? शुल्क भरलं नाही म्हणून रद्द. त्यानंतर या नावावर काहीही नाही. चव्वेचाळीस वर्षांत एकाही पेटंटानं तिचा उल्लेख केलेला नाही.

मी खुर्चीतून उठून खरोखर टाळ्या वाजवल्या. शेजारचा दातांचा डॉक्टर बघून गेला.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

भैरवीला आवडलं, पण पूर्ण नाही. सारांशात ब्रश कशानं हलतो ते लिहिलेलंच नाही. ते मूळ कागदात आणि चित्रात असणार. स्कॅनमध्ये तेवढंच पान नाही. प्रमाणित प्रत मागवलीय, पण इतक्या जुन्या कागदाला वेळ लागणारच. तो २१ तारखेच्या आत येईल यावर मी विसंबणार नाही.

“ती बाईच शोध,” भैरवी म्हणाली. “शिक्क्याची एक प्रत अर्जदाराकडे परत जायची. तिच्या घरात असेल.”

म्हणजे आता ठिपका नाही, माणूस शोधायचा.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

टिमकी पायाखाली घातली. विणकरांची जुनी वस्ती, पण मागाचा आवाज एकाच घरातून आला. धकाते विचारले तर प्रत्येक गल्लीत चार. नत्थूजी विचारले तर तरुणांनी खांदे उडवले. शेवटी प्रयागबाई नावाच्या एक म्हाताऱ्या बाई ओट्यावर बसलेल्या भेटल्या.

“नत्थूजीची जया? होती ना! गिरणीत जाये. बापाच्या कुंच्याचे केस काढून काहीबाही बनवे. लई डोकं होतं पोरीले.”

“आता कुठे असतात त्या?”

“लगीन झालं, गेली. नत्थूजी बी मेला, घर इकलं. कोठं दिली होती काय मालूम.”

“सासरचं आडनाव?”

“बाई, आडनावच काय, नाव बी बदललं असन. तवा बदलवतच होते.”

बदललेलं नाव, बदललेलं आडनाव. असा शोध कोणत्याच नकाशात बसत नाही. लग्नाआधीची जया आणि लग्नानंतरची जी कोणी असेल ती, दोघींमध्ये रेषा काढणारा एकही कागद माझ्याकडे नाही.

शनिवार, १ नोव्हेंबर

आठवलं की आईंचं माहेरचं आडनावही धकातेच. टिमकीत दगड भिरकावला तर धकात्यालाच लागेल, तरी विचारून बघितलं. ऑफिसातल्या गोष्टी घरी बोलत नाही, गिऱ्हाइकाच्या गुप्ततेचा प्रश्न असतो, म्हणून कशासाठी ते सांगितलं नाही.

“आई, तुमच्या माहेरकडे कोणी जया होती का?”

त्या पोळ्या लाटत होत्या. लाटणं थांबलं.

“होती एक.”

तेवढ्यात भैरवीचा फोन आला आणि मी गॅलरीत गेले. धकात्यांत जया काय, दहा असतील. परत आले तेव्हा पोळ्या झाल्या होत्या. एक पोळी करपलेली होती. आईंची पोळी कधी करपत नाही, वय होतंय त्यांचं.

शनिवार, ८ नोव्हेंबर

आठवडाभर काही लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही घडलं नाही. मतदार याद्या, गिरणीच्या जुन्या कामगारांची संघटना, विवाह नोंदणी, सगळीकडे शोधून झालं. गिरणीतल्या चार म्हाताऱ्यांना जया आठवते. ती कुठे गेली हे एकालाही माहीत नाही.

जितेंद्रनं फोनवर विचारलं, “माणसायले दुसरं काम पाहाले सांगू का?” मी म्हटलं, नाही. एवढं ठाम म्हटलं की फोन ठेवल्यावर मलाच भीती वाटली. तेरा दिवस राहिलेत. मी थांबणार नाही, पण आज मला रडू आलं, हेही खरं.

बुधवार, १२ नोव्हेंबर

सर्दीतापानं घरी. जितेंद्र सह्या घ्यायला घरीच आला. टेबलावर त्याची कडी ठेवली होती. आई पाणी घेऊन आल्या आणि ग्लास ठेवायचा सोडून कडीच उचलली. उजेडाकडे धरली. बोटानं ब्रश हलवला.

“कोणं बनवलं हे?”

“मीनं, काकू.”

“चांगलं बनवलं. पण उलटा बसवला ना गा ब्रश. तू तूस दोऱ्याकडं लोटून राहिला. ते बाहेर फेकाले पायजे. पुंजके येत असतीन कोनात.”

जितेंद्र त्यांच्याकडे बघतच राहिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गिऱ्हाईक घरी येतं आणि आपली सासू त्याला कारखाना शिकवते! तो गेल्यावर मी जरा तोडूनच बोलले, “आई, ते इंजिनिअर आहेत.”

“असन,” त्या म्हणाल्या आणि मशीनवर जाऊन बसल्या.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

हे सगळं जसं झालं तसं लिहिते. 

सकाळी दहाला जितेंद्रचा फोन. “म्याडम, काकूनं सांगतलं तसा ब्रश पलटवला. दोन तास मशीन चालवली. एक पुंजका नाही! काकू कोण्या गिरणीत होत्या?”

मी म्हणाले, कुठल्याच नाही, त्या घरीच असतात. आणि म्हणता म्हणता थांबले. जितेंद्रनं घरी आमच्याकडे पुंजक्यांची गोष्ट काढलीच नव्हती. ती मी या वहीत लिहिली होती, आणि ही वही मी कुलपात ठेवते.

फोन हातात तसाच, मी आईंच्या खोलीत गेले. त्या भाजी आणायला बाहेर गेल्या होत्या. मशीनजवळ वाकले. अकरा वर्षांत मी कधी वाकून बघितलं नव्हतं. दोरा ज्या कडीतून सुईकडे येतो तिथे तारेची एक इवलीशी दांडी होती, आणि तिच्या टोकाला माझ्या टूथब्रशचे निळे केस. मी चाक हातानं फिरवलं. दोरा हलला. दोऱ्याबरोबर दांडी डुलली. ब्रशनं कडी पुसली आणि तूस बाहेर टाकलं.

मी चाक परत परत फिरवत राहिले.

आई पिशवी घेऊन दारात आल्या. मी विचारलं, “आई, तुमच्या वडिलांचं नाव काय होतं?”

अकरा वर्षांनी. मला अजून लाज वाटतेय.

“नत्थूजी,” त्या म्हणाल्या. पिशवी खाली ठेवली, पलंगावर बसल्या. मग सावकाश सांगितलं. लग्नात ताटात तांदूळ पसरले होते. माझ्या सासऱ्यांनी, महादेवरावांनी, अंगठीनं त्यात ‘प्रेमिला’ लिहिलं. बायका हसल्या, पेढे वाटले. “त्या दिवसापासून मले जया म्हणून कोणं हाक नाही मारली. बापानं बी नाही.”

“आणि पेटंट?”

“दरसाली फी भराची राहे. ह्यायले सांगतलं. तर म्हणाले, कोणाच्या नावानं भरू? ह्या नावाची बाई तं आपल्या घरात नाही.” सासरे वाईट नव्हते, असंही त्याच म्हणाल्या. त्यांना ते गमतीचं वाटलं असेल.

मी विचारलं, मग मला का नाही सांगितलं? मी तर घरातच विचारलं होतं.

“तू विचारलं, जया होती का. मीनं म्हटलं होती. पुढचं तू विचारलंच नाही वं. फोन आला तुले.”

 त्यांचे हात हातात घेतले आणि भरपूर रडले. त्या रडल्या नाहीत. थोड्या वेळानं म्हणाल्या, “कागद पायजे ना तुले? तो खिळ्यालेच आहे.”

कटिंगच्या कागदांचा जुडगा काढला. त्यातला माझ्या ब्लाऊजचा कागद त्यांनी उलटा केला. शाईनं काढलेलं चित्र. दांडी, कडी, ब्रश, बाणानं दाखवलेली दोऱ्याची चाल. कोपऱ्यात गोल जांभळा शिक्का आणि क्रमांक. गळ्याच्या जागी कात्रीनं गोल कापलेलं, तिथे काय होतं ते गेलं. पण कडी पाठीच्या भागात होती, शाबूत. आणि खाली इंग्रजीत एक ओळ, टाइप केलेली: ब्रशला चालवण्यासाठी दोऱ्याच्या हालचालीखेरीज दुसरी कोणतीही शक्ती लागत नाही.

भैरवीला हवं होतं ते वाक्य. माझ्या मापाच्या पाठीमागे.

सोमवार, १७ नोव्हेंबर

प्रतिज्ञापत्र. भैरवीनं लिहून आणलं: ‘मी, प्रेमिला महादेवराव बारापात्रे, विवाहापूर्वीचे नाव जया नत्थूजी धकाते...’ आईंनी दोनदा वाचलं.

“पयले जया लिहिता येत नाही का?”

भैरवी म्हणाली, ओळखपत्रावर प्रेमिला आहे, क्रम तोच ठेवावा लागेल. आई म्हणाल्या, बरं. पण सही केल्यावर, भैरवीला न विचारता, खाली कंसात दुसरीही सही केली. अक्षर अगदी वेगळं, कोवळं. भैरवीनं शिक्का दोन्ही सह्यांवर येईल असा मारला.

प्रयागबाईंचंही निवेदन घेतलं. आईंना घेऊनच गेले टिमकीला. प्रयागबाईंनी ओट्यावरून डोळे बारीक करून पाहिलं आणि हाक मारली, “जये!” आईंनी ‘ओ’ दिली. रिक्षावाला, भैरवी, मी, सगळे तिथे होतो. मला वाटतं, त्या एका ‘ओ’साठीच मी नोकरी सोडली असेन.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी हरकत दाखल झाली. पोच आली. निकाल कधी लागेल ते सांगता येत नाही, सुनावणी होईल, कंपनी आपले वकील उभे करेल. करू दे. भैरवी म्हणते, असा पुरावा तिनं आजवर पाहिला नाही. जितेंद्रनं कारखान्यात कोणालाही दुसरं काम शोधायला सांगितलेलं नाही. उलट आईंना विचारलंय, आठवड्यातून एक दिवस बुटीबोरीला येता का म्हणून. आई म्हणाल्या, “गाडी पाठवशीन तं येईन.”

पुराव्यांच्या यादीत भैरवीनं नियमाप्रमाणे कागदाचं वर्णन केलंय. ते इथे उतरवून ठेवते: ‘जोडपत्र क. चित्राचा मूळ कागद, शिक्का व क्रमांकासह. मध्यभागी कात्रीने कापलेला. मागील बाजूस शिलाईची मापे आणि मिनल असे नाव.’

संध्याकाळी घरी नकाशा उघडला. १९८२ चा ठिपका दाखवला. आईंनी चष्मा लावला.

“ह्याले किती रेषा आहेत?”

“आजपासून एक. आपल्या हरकतीत तुमचा उल्लेख आहे ना.”

त्यांनी स्क्रीनवर त्या रेषेवरून बोट फिरवलं, पार कोपऱ्यात फुगून बसलेल्या कंपनीपर्यंत. मग म्हणाल्या, “तो कागद तं गेला कोर्टकचेरीत. तुहा ब्लाऊज आता काहाच्यावर कापू?”

मी म्हटलं, नवीन माप घ्या, मी जाडही झालेय. त्या टेप शोधायला लागल्या. मी लॅपटॉप मिटला, फोन बंद करून फ्रिजवर ठेवला आणि विचारलं, “आई, नत्थूजी मागावर काय विणायचे?”

“नववारी,” त्या म्हणाल्या. टेप माझ्या खांद्यावर तसाच राहिला. जेवणाची वेळ टळून गेली, ऋषिकेश दोनदा डोकावून गेला, तरी त्या बोलतच होत्या.